हाडे, मांस आणि प्राण

पंचतंत्रातील चार ब्राह्मणपुत्रांची कथा मराठी घरांत नव्याने सांगावयास नको. अरण्यातून जात असता त्यांना एका मेलेल्या सिंहाची विखुरलेली हाडे दिसतात. पहिला आपल्या विद्येने ती हाडे जुळवितो, दुसरा त्यांवर मांस व कातडे चढवितो, आणि तिसरा त्यांत प्राण घालावयास पुढे सरसावतो. चौथा पढिक नव्हता, पण शहाणा होता. तो आधी झाडावर चढून बसतो. पुढे काय झाले ते सर्वांस ठाऊकच आहे. ही कथा शिकविताना त्या तिघांच्या अविचारावर बोट ठेवले जाते आणि ते योग्यही आहे. परंतु त्यांच्या विद्येचा क्रम किती अचूक होता, इकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. आधी हाडे, मग मांस आणि सर्वांत शेवटी प्राण!

विसाव्या शतकात अमेरिकेतील एका मुलाने हीच विद्या हस्तगत करण्याचा ध्यास घेतला. त्याने आरंभ मात्र उलट्या टोकाकडून केला. प्राण घालण्याची त्याला घाई झाली होती. हाडांकडे तो ठेच लागल्यावर वळला. ती ठेच आणि तिच्यानंतरची पंचवीस वर्षे हाच या लेखाचा विषय आहे.

रे हॅरीहाउसेन याचा जन्म 29 जून 1920 रोजी लॉस एंजलिस येथे झाला. वयाच्या तेराव्या वर्षी, 1933 साली, हॉलिवूडमधील ग्रॉमन्स चायनीज थिएटरात त्याने ‘किंग काँग’ हा बोलपट पाहिला. पडद्यावर एक प्रचंड वानर छाती बडवीत होते, डायनोसॉराशी झुंजत होते, आणि अखेरीस न्यूयॉर्कच्या सर्वांत उंच इमारतीवरून खाली कोसळत होते. इतर प्रेक्षक भयचकित होऊन घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी आपापल्या कामास लागले. हा मुलगा मात्र एकच प्रश्न उराशी धरून बसला: हे वानर हलते कसे? आत माणूस दडलेला नाही हे तर उघड दिसते. मग त्याला हलविणारा कोण?

त्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते, पण ते आचरणात आणणे महाकठीण होते. पडद्यावरचे ते अजस्र धूड प्रत्यक्षात सुमारे दीड फूट उंचीची बाहुली होती. आत सांध्यांवर वळणारा धातूचा सांगाडा, त्यावर भराव, आणि वरून सशाचे केस. विलिस ओब्रायन नावाच्या कलावंताने आपल्या सहकाऱ्यांसह ती बाहुली केसभर हलवावी, कॅमेऱ्याने एक चौकट टिपावी, पुन्हा केसभर हलवावी, पुन्हा टिपावी, असा हा उद्योग होता. बोलपटात एका सेकंदाला चोवीस चौकटी लागतात, म्हणजे एका मिनिटाला चौदाशे चाळीस. हात लावताना बाहुलीच्या अंगावरील केस प्रत्येक वेळी थोडे विसकटत, त्यामुळे पडद्यावर काँगचे केस सारखे हलताना दिसतात. चूक म्हणून जे घडले ते प्रेक्षकांस वानराचा क्रोध वाटले!

मुलाने घरीच प्रयोग आरंभिले. मित्राकडून कॅमेरा उसना आणला. त्यात एकेक चौकट टिपण्याची सोय नव्हती. बटण दाबून झटकन सोडावयाचे आणि नशिबाने एकच चौकट उमटली असेल अशी आशा करावयाची. दिवे नव्हते, म्हणून घरामागच्या अंगणात सूर्यप्रकाशात चित्रण केले. फिल्म धुऊन आली तेव्हा दिसले की अस्वल जागच्या जागी कसेबसे हलत आहे आणि त्याच्या सभोवती झाडांच्या सावल्या मात्र भराभर धावत आहेत. बाहुली हलविता हलविता दिवस कलला होता, आणि सूर्य कोणाच्या चित्रणासाठी थांबत नाही हे त्याच्या ध्यानी आले नव्हते.

ते अस्वल कशाचे केले होते, हेही सांगितले पाहिजे. आईच्या एका जुन्या केसाळ कोटाची त्यासाठी आहुती पडली होती. कोणत्याही घरात अशा प्रसंगी जे व्हावयाचे ते येथे झाले नाही. आई मार्था पुढे बाहुल्यांचे कपडे शिवू लागली. वडील फ्रेड यंत्रकामातले कारागीर होते. लाकडाचे आणि तारेचे सांगाडे डळमळतात हे मुलाचे गाऱ्हाणे त्यांनी ऐकले, आणि मुलाने काढून दिलेल्या आकृतीवरून धातूचे गोळीखोबणीचे सांधे घडवून दिले. ज्या काळी लक्षावधी अमेरिकन कुटुंबे बेकारीने गांजली होती, त्या काळी एका कामगाराच्या घरी मुलाच्या बाहुल्यांसाठी इतके श्रम खर्ची पडावेत, ही गोष्ट लहान नव्हे.

मॅन्युअल आर्ट्स हायस्कुलात शिकत असता त्याला एक मुलगी ‘किंग काँग’ची सचित्र संहिता चाळताना दिसली. तिच्या वडिलांनी ओब्रायन यांच्याबरोबर काम केले होते. तिच्या सांगण्यावरून त्याने धीर करून ओब्रायन यांना दूरध्वनी केला आणि आश्चर्य म्हणजे भेटीचे बोलावणे आले. सुमारे 1938 सालची ही गोष्ट. आपल्या बाहुल्या एका पेटीत भरून हा मुलगा एम. जी. एम. स्टुडिओत गेला. भिंतींवर एका नियोजित चित्रपटाची भव्य चित्रे टांगलेली होती. त्याने पेटी उघडली आणि आपला लाडका स्टेगोसॉरस गुरूच्या पुढे ठेवला.

ओब्रायन यांनी तो हातात घेऊन निरखिला. या जनावराचे पाय सुरकुतलेल्या सॉसेजसारखे झाले आहेत, असा त्यांचा अभिप्राय पडला. आत कोठे हाड आहे, कोठे स्नायू ताणला जातो, भार कोठून कोठे जातो, यांतले काहीच त्या पायांत दिसत नव्हते. शरीररचना शीक, आणि जनावराला काही स्वभाव दे, असे त्यांनी सांगितले. प्रोत्साहन दिले, पण खोटी स्तुती केली नाही.

सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला असा अभिप्राय किती झोंबत असेल याची कल्पना करता येते. कित्येकांची हौस येथेच संपते. काही जण अभिप्राय देणारालाच नावे ठेवतात. या मुलाने लॉस एंजलिस सिटी कॉलेजात रात्रीच्या वर्गांत नाव घातले आणि चित्रकला, मूर्तिकला व शरीररचना यांचा अभ्यास आरंभिला. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात चित्रपटकलेचे वर्गही त्याने केले. पंचतंत्रातील पहिल्या ब्राह्मणाची विद्या तो आता क्रमाने शिकू लागला.

ही विद्या वरवर दिसते तितकी रूक्ष नाही. घोड्याचा मागचा पाय पाहा. त्याचा गुडघा उलट्या दिशेने वळतो अशी आपली समजूत असते. वस्तुतः तो गुडघा नव्हेच. ती घोड्याची टाच आहे. खरा गुडघा वर पोटाजवळ आहे आणि तो आपल्याच गुडघ्याप्रमाणे वळतो. घोडा म्हणजे चवड्यांच्याही टोकावर उभा असलेला प्राणी. हे एकदा उमगले की मांजर, हरिण, कुत्रा या सर्वांचे पाय एकाच व्याकरणाने वाचता येतात. चालीचेही तसेच. घोडा सावकाश चालतो तेव्हा डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा, या क्रमाने पाय टेकतो. हा क्रम चुकला तर पाहणाऱ्याला काय चुकले ते सांगता येत नाही, परंतु जनावर खोटे आहे हे मात्र तत्काळ कळते. डोळ्यांना ज्ञान नसते, पण अनुभव असतो.

या अभ्यासाचा पायाही कॅलिफोर्नियातच घातला गेला होता. 1878 साली पालो आल्टो येथे एडवर्ड मायब्रिज याने ओळीने मांडलेल्या कॅमेऱ्यांनी धावत्या घोडीची छायाचित्रे घेतली. चारही पाय जमिनीपासून सुटतात, हे त्यांवरून सिद्ध झाले. पण ते सुटतात तेव्हा पुढेमागे फाकलेले नसतात, तर पोटाखाली गोळा झालेले असतात. शतकानुशतके चित्रकारांनी रंगविलेले, पाय पसरून उडणारे घोडे एका दिवसात चुकीचे ठरले. पुढे 1887 मध्ये माणसे व जनावरे यांच्या हालचालींची 781 चित्रपत्रे मायब्रिजने प्रसिद्ध केली. आजही या विद्येचे विद्यार्थी ती समोर ठेवून बसतात.

हॅरीहाउसेनचा पुढचा मार्ग सरळ नव्हता. पृथ्वीवरील जीवसृष्टीच्या उत्क्रांतीवर एक मोठा चित्रपट एकट्यानेच करण्याचे त्याने मनावर घेतले होते. 1940 मध्ये डिस्नेचा ‘फँटेशिया’ प्रदर्शित झाला. त्यातील डायनोसॉरांचे प्रकरण पाहून त्याला कळून चुकले की आपल्या मनातली गोष्ट दुसऱ्यांनी शेकडो हातांनी आधीच करून ठेवली आहे. त्याने आपला चित्रपट सोडून दिला. त्याच सुमारास जॉर्ज पाल यांच्या बाहुलीपटांत त्याला पहिली नोकरी मिळाली. तेथे बाहुली वळवीत नसत. प्रत्येक हालचालीसाठी निराळी लाकडी बाहुली कोरून ठेवलेली असे आणि ती क्रमाने बदलावयाची. नियोजन शिकण्यास ही शाळा उत्तम होती. परंतु कलावंताला स्वतःचे असे काही करण्यास तेथे वाव नव्हता.

मग महायुद्ध आले. सैन्याच्या चित्रपट विभागात त्याने नोकरी केली. युद्ध संपल्यावर मुदत उलटलेली, टाकाऊ ठरलेली सोळा मिलिमीटरची रंगीत फिल्म त्याच्या हाती लागली. तिच्यावर त्याने बालगीतांतील कथांचा एक लहान चित्रपट आई-वडिलांच्या साहाय्याने घरच्या घरी तयार केला. 1946 सालच्या या ‘मदर गूस स्टोरीज’साठी वडिलांनी सांगाडे घडविले, आईने कपडे शिवले, आणि मुलगा दिव्यांच्या उष्णतेत तासन् तास बाहुल्यांवर वाकून राहिला. शाळाशाळांतून तो चित्रपट दाखविला गेला.

दुसऱ्या व तिसऱ्या ब्राह्मणाच्या विद्येची परीक्षा 1949 साली झाली. ओब्रायन यांनी ‘मायटी जो यंग’ या चित्रपटासाठी त्याला आपला साहाय्यक नेमले. ज्यांनी दहा-अकरा वर्षांपूर्वी पाय सुरकुतलेले म्हणून सांगितले होते, त्यांनीच आता चित्रपटातील वानराच्या हालचालींचा फार मोठा भाग त्याच्या हाती सोपविला. वानराच्या मनात शिरता यावे म्हणून त्या दिवसांत तो गाजरे आणि सेलरीच्या काड्या चघळीत असे, असे तो पुढे विनोदाने सांगे. विनोद बाजूस ठेवला तरी त्यातले मर्म खरे आहे. जनावर हलते ते हातापायांनी, पण त्याला हलविते त्याचे मन. जो नावाचा तो वानर काही करण्यापूर्वी क्षणभर थांबतो, पाहतो, जणू विचार करतो आणि मग हात उचलतो. त्या थांबण्यात प्राण आहे. सतत हलणारी बाहुली यंत्रासारखी वाटते. थांबून हललेली बाहुली जिवंत वाटते. त्या वर्षीच्या विशेष दृश्यांसाठीचे ऑस्कर पारितोषिक या चित्रपटास मिळाले.

पुढची कीर्ती बहुतेकांस ठाऊक आहे. ‘द सेव्हंथ व्हॉयेज ऑफ सिंदबाद’ 1958 मध्ये आला आणि ‘जेसन अँड द आर्गोनॉट्स’ 1963 मध्ये. या दुसऱ्या चित्रपटात सात सांगाडे तीन वीरांशी तलवारीने लढतात. काही मिनिटांच्या त्या प्रसंगासाठी हॅरीहाउसेन एकटेच साडेचार महिने राबत होते. प्रत्येक सांगाड्याचे दोन हात, दोन पाय व मस्तक, असे प्रत्येक चौकटीसाठी पस्तीस अवयव लक्षात ठेवून हलवावयाचे, आणि तेही आधीच चित्रित केलेल्या माणसांच्या वारांशी नेमके जुळवून. दिवसाकाठी सरासरी तेरा चौकटी होत, म्हणजे सगळ्या दिवसाची कमाई अर्ध्या सेकंदाहून किंचित अधिक! या सांगाड्यांवर मांस नाही, चेहरा नाही, डोळे नाहीत. तरी त्यांचा आवेश पाहणाऱ्यास जाणवतो. ज्या मुलाच्या जनावरांत हाडेच नव्हती, त्याने प्रौढपणी नुसत्या हाडांत प्राण घालून दाखविला. याहून मोठी गुरुदक्षिणा कोणती असू शकेल?

त्यांच्या ‘द गोल्डन व्हॉयेज ऑफ सिंदबाद’ या 1973 सालच्या चित्रपटात कालीची सहा हातांची मूर्ती सजीव होऊन नृत्य करते आणि मग सहा तलवारींनी लढते. नृत्यासाठी एका भारतीय नर्तकीचे साह्य घेतले होते. द्वंद्वयुद्धाच्या तालमीस तीन खड्गधारी एकमेकांस बांधून सहा हात सिद्ध केले होते. जगन्मातेची मूर्ती दुष्ट मांत्रिकाच्या हातचे बाहुले म्हणून दाखविली जावी, हे भाविक मनाला रुचणारे नाही आणि रुचू नयेही. पाश्चात्त्य करमणुकीने आपल्या देवतांविषयी जे अज्ञान वारंवार प्रकट केले त्याचाच हा एक नमुना होय. तथापि हातांच्या त्या लयीत कलावंताचे जे कष्ट दिसतात ते मान्य न करणेही अन्यायाचे होईल. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

आणि ही कला आपल्याला सर्वस्वी परकी होती असेही नाही. दादासाहेब फाळके यांनी रोप्याच्या वाढीचा एकेक क्षण टिपून ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट केला. त्यांनीच 1915 मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ या चित्रपटात काड्यापेटीतल्या काड्या एकेक चौकटीने नाचविल्या, आणि त्या वेळी ‘किंग काँग’ जन्मास यावयाचा होता. पुढे अमेरिकेचे ऋणही आपल्यावर झाले. ज्यांचे बालपण भारतात गेले होते ते डिस्नेचे चित्रकार क्लेअर वीक्स 1956 मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकविण्यास आले. ते ‘बांबी’ या हरणाच्या चित्रपटावर काम करून आलेले. त्या चित्रपटासाठी डिस्नेने जिवंत पाडसे स्टुडिओत आणवून चित्रकारांना त्यांचा अभ्यास करावयास लाविले होते. मुंबईतल्या विद्यार्थ्यांनी वीक्स यांच्या हाताखाली जो चित्रपट केला तोही हरणाचाच, जातककथेवरील ‘द बनियन डिअर’. त्या विद्यार्थ्यांपैकी राम मोहन यांनी पुढे जपानी सहकाऱ्यांसह रामायणावरील चित्रपट दिग्दर्शित केला. तो 1992 मध्ये पूर्ण झाला. वानरसेना, जटायू, कुंभकर्ण यांना चालविण्याची विद्या अशी समुद्रापार फिरून अयोध्येच्या कथेपर्यंत आली.

आजचा विद्यार्थी बाहुली हाताळीत नाही. तो संगणकापुढे बसतो. 1993 साली ‘ज्युरासिक पार्क’ने हे स्थित्यंतर घडविले. लहानपणी ‘सिंदबाद’ पाहून या मार्गास लागलेले फिल टिपेट त्या चित्रपटाचे काम बाहुल्यांनीच करावयास निघाले होते. ते संगणकाकडे गेले तेव्हा आपली विद्या संपली असे त्यांना वाटले. पण संगणकाला जनावर हलविता येत असले तरी ते कसे हलावे हे ठाऊक नव्हते. ते टिपेट यांना ठाऊक होते. त्यांच्या कारागिरांसाठी सांध्यासांध्यांत मापक बसविलेला धातूचा सांगाडा तयार करण्यात आला. तो हाताने हलविला की संगणकातला डायनोसॉर हले. साधन बदलले, पण हाडांचे ज्ञान जुनेच कामास आले.

म्हणूनच अमेरिकेतील आजच्या शाळांतही, प्रत्यक्ष वर्गांत असोत की 2005 पासून घरबसल्या शिकविणाऱ्या ‘अॅनिमेशन मेंटर’सारख्या शाळांत असोत, आरंभ राक्षसापासून होत नाही. पहिला धडा चेंडूचा. रबराचा हलका चेंडू कसा उसळतो आणि लोखंडी गोळा कसा धपकन बसतो, एवढेच दाखवावयाचे. मग लंबक, मग शेपटी, मग नुसत्या दोन पायांची चाल, मग पूर्ण माणूस, त्यानंतर चतुष्पाद, आणि शेवटी पंखांचा किंवा कोणी कधी न पाहिलेला प्राणी. प्रत्येक पायरीवर शिक्षक तोच दोष दाखवितात: भार दिसत नाही. पाय जमिनीवर टेकला, पण देह त्यावर विसावला नाही. विद्यार्थी घरी जातो, कुत्र्याला फिरावयास नेऊन त्याच्या पायांकडे टक लावून पाहतो, स्वतः रांगून पाहतो, आणि पुन्हा आरंभ करतो. चेंडूला कंटाळणारा विद्यार्थी ड्रॅगनपर्यंत पोहोचत नाही. सुरांना कंटाळणारा शिष्य ख्यालापर्यंत पोहोचत नाही, तसेच हे.

येथील आपल्या घरांतही एखादा मुलगा वा मुलगी गणिताच्या वहीच्या कडेला पळणारे घोडे काढीत असेल. शिक्षणासाठी देश सोडून आलेल्या आई-वडिलांना त्या कडेची चिंता वाटावी हे स्वाभाविक आहे. पोटापाण्याचा प्रश्न खोटा नाही आणि या व्यवसायात स्थैर्यही थोडे आहे. हॅरीहाउसेन दांपत्यापुढे तर बेकारीचा काळच उभा होता. त्यांनी मुलाला यशाचे आश्वासन दिले नाही. त्यांना ते देता येण्यासारखे नव्हतेच. त्यांनी सांधे घडविले, कपडे शिवले आणि परखड बोलणाऱ्या गुरूकडे तो गेला तेव्हा त्याला अडविले नाही. मुलगा पुढे लंडनला जाऊन राहिल्यावरही लॉस एंजलिसहून वडिलांनी घडविलेले सांगाडे त्याच्याकडे जात राहिले.

या कथेला एक छोटा उत्तरार्ध आहे. 1952 च्या सुमारास हॅरीहाउसेन यांनी ससा आणि कासव यांच्या शर्यतीवर एक लघुपट आरंभिला होता. मोठी कामे आली आणि तो अर्धवट राहिला. पन्नास वर्षे त्या बाहुल्या तशाच पडून होत्या. मार्क कॅबलेरो आणि शेमस वॉल्श या दोन तरुण कलावंतांनी तो पुरा करण्याची परवानगी मागितली. वृद्ध गुरूंनी त्यांना जुन्या बाहुल्या दिल्या, स्वतःही हात लावला, आणि 2002 मध्ये शर्यत पूर्ण झाली. हॅरीहाउसेन यांचे 7 मे 2013 रोजी लंडन येथे, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी निधन झाले.

कासवाने ती शर्यत जिंकली हे सांगावयास नकोच. दिवसाला तेरा चौकटी या वेगाने चालणाऱ्या माणसाच्या हातून दुसरे काय घडणार होते?